काकूंचा माइक

रविवार, १ ऑक्टोबर

सिॲटलजवळच्या रेडमंडला येऊन आज तीन आठवडे झाले आणि पहिल्यांदाच वाटलं की इथे माणसं राहतात. ऑफिसातल्यांना मी धरत नाही, ते स्क्रीनवरच भेटतात.

उल्हासकाका गणपतीच्या कार्यक्रमात भेटले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, मूळचे सांगलीचे, इथे येऊन जवळजवळ पन्नास वर्षं झालेली. नागपूरला इंजिनियरिंग करताना मी हौशी रेडिओ क्लबमध्ये होते हे कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला. त्यांचाही तसाच क्लब आहे, त्यांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये. आज तिथे गेले. भिंतभर जगाचा नकाशा, जिथे जिथे बोलणं झालं तिथे टाचण्या. कॉफी, आणि काकांनी स्वतः केलेली साबुदाण्याची खिचडी. नऊ मेंबर, बहुतेक रिटायर्ड. शाळेची बस चालवायचा तो डेनिस माझ्याकडे बघून नुसता हसला. तो बोलत नाही, खिशातल्या पॅडवर लिहून दाखवतो.

दर रविवारी सकाळी नऊला हजेरी असते. बेसमेंटमधून एकाने नावं पुकारायची, बाकीच्यांनी आपापल्या घरच्या रेडिओवरून उत्तर द्यायचं. वादळात फोन बंद पडले तर ही सवय कामाला येते. क्लबचं दोन पानी बातमीपत्र काढायचं काम मला दिलंय; ते काढणाऱ्यानेच हजेरीही घ्यायची. मी लगेच हो म्हटलं.

काकांच्या पत्नीचा, पद्मजाकाकूंचा फोटो टेबलावर आहे, हेडफोन लावलेला. दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा माइक अजून वापरात आहे, जुना, जड, मोठ्या जाळीचा.

घरून निघण्याआधी इशिताला फोनवर गोष्ट सांगितली. माझे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात तिची झोपायची वेळ. पाच वर्षांच्या मुलीला आई म्हणजे सध्या एवढीच, एक आवाज. नोव्हेंबरच्या शेवटी ती आणि अमेय आले की मग मी सगळी.

रविवार, ८ ऑक्टोबर

काल क्लबनेच घेतलेली लायसन्सची परीक्षा पास झाले. आज काकांनी शेजारी बसून हजेरी मला घ्यायला लावली.

मजा आली, पण एक गोष्ट. मी माइक जरा लांब धरला होता. काका म्हणाले, "ओठ टेकव गं. काकू तशीच बोलायची, आवाज स्वच्छ जातो." टेकवले. जाळी ओली होती. ओली आणि कोमट, आत्ताच कोणीतरी तोंडातून काढून ठेवल्यासारखी. वास तीन दिवस न उघडलेल्या डब्याचा. मी टिश्यूने ओठ पुसत राहिले. काका म्हणाले, सिॲटलकडची हवा, दमट.

घरी येऊन दोनदा दात घासले.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

बातमीपत्र: डोंगरावरचा अँटेना दुरुस्त झाला. पुढच्या महिन्यातल्या मॅरेथॉनला रेडिओवर मदत करायला चार जण हवेत. नवीन मेंबर: मी.

नमुना म्हणून जुने अंक चाळले. दोन वर्षांत तीन संपादक झाले. तिघांच्याही निरोपाच्या चौकटीत एकच कारण, घशाचा त्रास. तिसरा डेनिस.

रविवार, १५ ऑक्टोबर

आज पुन्हा मीच. नावं संपल्यावर काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून माइकमध्ये विचारलं, अजून कोणी? आणि सगळे थांबले.

स्पीकरमधून चावण्याचा आवाज आला. तोंड उघडं ठेवून, भरल्या तोंडाने, मचमच. मग लाळ ओढून घेतल्याचा. आणि एक बाई मराठीत म्हणाली, "आले हं."

काकांनी डोळे मिटले. शेजारी बसलेल्या डेनिसने हजेरीच्या वहीत नाव लिहिलं: पद्मजा.

जुनं रेकॉर्डिंग असेल असं मी मनाला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाचं प्रेम, असू दे. पण तोच आवाज पुढे म्हणाला, "नवीन आहे ना ही? गोड आहे." आणि ओठ चाटल्याचा आवाज.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

जिभेवर पांढरा थर आलाय. ब्रशने खरवडला तर सायीसारखा सुटतो, संध्याकाळपर्यंत परत येतो. सगळ्या जेवणाला त्या डब्याची चव लागते. वरण-भातसुद्धा ओतून टाकला.

सकाळी गोष्ट सांगताना इशिताने मध्येच विचारलं, "आई, तू काय खातेयस?"

मी काहीच खात नव्हते.

रविवार, २२ ऑक्टोबर

जे झालं ते नीट लिहिते.

हजेरीच्या अर्धा तास आधी गेले. काका वर होते. म्हटलं हा माइक एकदाचा साफ करू. स्पिरिटचे वाइप्स नेले होते. पुसला तर जाळीवरून एक पापुद्रा निघाला, लांब, चिकट, माझ्या बोटांना गुंडाळत गेला. खाली लोखंड नव्हतं. गुलाबी, खरखरीत, ओलं मांस होतं. स्पिरिट लागल्यावर ते आक्रसलं. मग हळूच वर आलं आणि माझं बोट चाटलं.

कपडे धुवायच्या सिंकमध्ये मी ओकले. मागे वळले तर काका जिन्यात उभे. रागावले नाहीत, तेच जास्त किळसवाणं होतं. टॉवेल दिला मला.

म्हणाले, काकूंचा कॅन्सर तोंडाचा होता. शेवटच्या दिवशीही ती याच माइकला ओठ लावून बसली होती. ती गेल्यावर आतून आवाज यायला लागला. पण सात-आठ महिन्यांत क्षीण होत जातो. कुणी नवीन त्यात बोललं की परत भरतो.

मी विचारलं, आणि जो बोलतो त्याचं काय होतं?

"तुम्हा तरुण लोकांना बोलायची फारशी गरज कुठे पडते?" काका म्हणाले. "सगळं टाइपच तर करता."

मी पळत गाडीत बसले. टॉवेल अजून हातातच होता. तो रस्त्याच्या कडेला टाकला.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दसरा. घरी फोन केला, शब्द नीट फुटत नाहीत. अमेय म्हणाला, सर्दी झालीय का? डॉक्टरने बुरशी म्हणून गोळ्या दिल्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये डेनिस गाडीला टेकून उभा होता. पॅडवर लिहिलं, सॉरी, तुला आधी सांगायला हवं होतं. मग त्याने तोंड उघडलं. आत जीभ नाही. कापल्याची खूण नाही, जखम नाही. चमच्याच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत.

मी विचारलं, तरी रविवारी का जातोस?

त्याने लिहिलं, "माझा आवाज ऐकायला."

आणि जाता जाता, "माझी बहीण म्हणते मी दर आठवड्याला तिला फोन करतो. मी करत नाही."

शनिवार, २८ ऑक्टोबर

आवाज गेला. इशिताला मेसेज टाकला, आईचा घसा बसलाय, गोष्ट नंतर. अमेयने तिला वाचून दाखवला. ती रुसली म्हणे.

आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. जीभ आखूड झालीय.

उद्या तो माइक फोडणार.

रविवार, २९ ऑक्टोबर

फोडला. हातोडा घेऊन गेले, काका खिचडी परतत होते, त्यांच्यासमोरून खाली उतरले. तीन घावांत जाळी फुटली. आत एकावर एक रचलेल्या जिभा, विड्याच्या पानांच्या चवडीसारख्या. पातळ, ओल्या, हलणाऱ्या. टेबलावरून खाली ओघळल्या. दोन मी चपलेने चिरडल्या. पचकन आवाज झाला आणि त्यातून कोणीतरी इंग्रजीत हाक मारली.

काका धावत आले. मला हातही लावला नाही. गुडघ्यांवर बसून फरशीवरून गोळा करायला लागले. मांजर पिल्लं उचलतं तसं, तोंडाने. एकेक उचलून गिळत होते. लाळ हनुवटीवरून स्वेटरवर. मी बघत राहिले.

सगळं संपल्यावर त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "मंजुषा, असं करतात का?"

माझ्या आवाजात.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

पोलिसांना लिहून कळवलं. ते जाऊन आले. म्हणाले, म्हातारा सज्जन आहे, माइक तू फोडलास, तो तक्रार करत नाहीये हे नशीब समज.

काही खाववत नाही. थुंकी गिळतानासुद्धा ती चव.

गुरुवार, २ नोव्हेंबर

अमेयचा मेसेज: इशिता खूश! आवाज आला ना परत. गोष्ट मस्त रंगवलीस आज.

मी फोन केलेला नाही. पाच दिवस केलेला नाही.

लिहिलं, ती मी नव्हे. नंबर बघ. काकांचाच असणार. तो मीच दिला होता अमेयला, अडीअडचणीसाठी.

त्याचं उत्तर: हो, काकांच्या फोनवरूनच तर बोललीस. म्हणालीस तुझा फोन बिघडलाय, त्यावरून काही विचित्र मेसेज आले तर लक्ष देऊ नको.

व्हिडिओ कॉल लावतेय. उचलत नाही — मीटिंगमध्ये —

शुक्रवार, ३ नोव्हेंबर, सकाळ

चोवीस तासांनी अमेयने उचलला. तोंड उघडून दाखवलं. तो ओरडलाच. आता विश्वास आहे. पण तो ऑफिसात, इशिता घरी सासूबाईंपाशी. घरचा फोन बिझी. आठ वाजलेत. गोष्टीची वेळ.

तो गाडीत बसला. कॉल चालू ठेवलाय. मी बोलू शकत नाही म्हणून इथे लिहितेय, हात थांबवला तर वेड लागेल.

सिग्नल. शिव्या देतोय. हॉर्न.

पोचला. जिना. सासूबाई दारात हसतायत, म्हणतात, अरे किती छान बोलतायत मायलेकी, अर्धा तास —

खोली. इशिता पलंगावर, पाठमोरी. कानाला नाही, फोन तोंडाशी धरलाय. स्पीकरवर मी. माझा आवाज, लाडाचा, असाच आवाज मी फक्त तिच्यासाठी — ओठ टेकव बाळा, अजून, आता चाट बघू, आईला पापी —

अमेयने फोन हिसकावला. भिंतीवर आपटला. तिला फिरवलं माझ्याकडे. ओठ ओले आहेत, हनुवटी —

तो म्हणतोय, तोंड उघड इशू, आ कर, आईला दाखव —

रडत नाहीये. का रडत नाहीये —

आ केलं. आत पांढरं — नाही, थर नाही, चमच्यासारखं गुळगुळीत, तिची जीभच ना—