व्याह्यांच्या टेबलाखाली मी काय शोधत होतो

आदरणीय बातिमा वहिनींना तराझहून दोसबोलचा सलाम.

तुम्ही, तुमच्या गायी, अंगणातली सफरचंदं आणि तुमचा डावा गुडघा, सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा करतो. (गुडघ्याची चौकशी कुल्याशनेही करायला सांगितली आहे. ती म्हणते मेंढीची चरबी चोळा, मी म्हणतो डॉक्टरला दाखवा. आमच्या घरात तुमच्या गुडघ्यावरही एकमत नाही.) इकडे सगळं ठीक आहे. माझं ब्लडप्रेशर जरा वर आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

रौशनच्या पाठवणीपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. दोष तुमचा नाही. बापाविना वाढवलेल्या लेकीची पाठवणी, व्याही पहिल्यांदाच आलेले, बायका त्यांच्यावर आणि रौशनवर गोळ्या-चॉकलेटं नि नाणी उधळताहेत, पोरंटोरं वेचताहेत. आणि त्या पोरांत नवरीचा सख्खा काका, पांढऱ्या दाढीनिशी, रांगतोय. तुमच्या मेरके गावात अजून बोलतात म्हणे, की ओंगारच्या भावाला बरकतीची इतकी हाव, की व्याह्यांच्या टेबलाखाली शिरला. वहिनी, हाव नव्हती हो. ती नाणी माझी होती.

त्याचं असं झालं. मी निवृत्त झाल्यावर कुल्याश म्हणाली, ‘माझ्यामागे फिरून बटाटे कसे सोलायचे ते मला शिकवू नका, काहीतरी छंद लावून घ्या.’ मी नाण्यांचा छंद धरला, कारण नाण्यांना चारा लागत नाही. रविवारच्या बाजारात पहिल्याच दिवशी एकाने मला मधोमध चौकोनी भोक असलेलं, हजार वर्षांपूर्वीचं नाणं विकलं. घरी आणलं तर ते फ्रिजवरच्या चुंबकाला जाऊन चिकटलं. (अजून तिथेच आहे. त्याच्या आधाराने विजेचं बिल लटकतं.) पुढच्या रविवारी कासिम नावाच्या म्हाताऱ्या नाणेवाल्याला माझी कीव आली. म्हणाला, ‘भाऊ, दिसेल ते घेत सुटलात तर भंगारवाले व्हाल. नवीन माणसाने एकच धागा धरावा. आणि काही झालं तरी नाणं घासायचं नाही, घासलं की गेलं.’

मी घरचाच धागा धरला. आपल्या प्रत्येक माणसाच्या जन्मसालाचं एकेक नाणं. माझं एकसष्टचं लगेच मिळालं, तुमचं बासष्टचंही. रौशनसाठी त्र्याण्णवचं, आपलं तेंगे चलन सुरू झालं त्याच सालचं नाणं घेतलं. कुल्याशची दोन घ्यावी लागली, एक पासपोर्टातल्या सालाचं आणि एक ती सांगते त्या सालाचं. ओंगारदादाचं सत्तावन्नचं मात्र काही केल्या मिळेना. अख्खा हिवाळा गेला. शेवटी मिळालं ते सोविएत काळातलं तीन कोपेकचं, काळपटलेलं, एका कडेला ठेचलेलं. कासिम म्हणाला, थांबा, याहून चांगलं मिळेल. मी थांबलो नाही. कुस्तीत मोडलेला दादाचा कान आठवतो ना, अगदी तस्संच ठेचलं होतं. बाजारातून घरी येईपर्यंत मी ते मुठीतच धरून होतो, आणि घरी येऊन रडलो, हेही आता सांगून टाकतो.

नाणी ठेवली बिस्किटाच्या डब्यात, आणि तिथेच घात झाला. आपल्याकडे कुठली बाई उधळणीची सुटी नाणी बिस्किटाच्या डब्यात ठेवत नाही? कुल्याशला माझा डबा कपाटात सापडला आणि तिला वाटलं, नवऱ्याने पुतणीसाठी न सांगता नाणी जमवली. तिने त्यात गोळ्या मिसळल्या. मेरकेला येताना ती गाडीत माझ्याकडे इतक्या मायेने का बघत होती, ते मला उधळण सुरू झाल्यावर कळलं.

पहिल्याच मुठीत मी स्वतः माझ्या कानाजवळून गेलो. मग कुठली लाज आणि कुठलं काय. मी सापडलो, रौशन सापडली, खोट्या सालाची कुल्याश सापडली. (खरी अजून बेपत्ता आहे, त्याचं तिला दुःख नाही.) एक नाणं व्याह्यांच्या बुटाखाली चमकलं, साल दिसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘व्याहीबुवा, जरा पाय उचला, खाली माझी वहिनी आहे.’ त्यांनी पाय उचलला. तेव्हापासून ते माझ्याशी फार सांभाळून बोलतात.

दादा मात्र नाही सापडला. आणि विचारणार कोणाला? उधळणीतलं ज्याने उचललं त्याची ती बरकत, ती परत मागणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेणं. परतताना गाडीत मी कुल्याशवर वाटेल तसा ओरडलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुम्ही त्यांना डब्यात कोंडून ठेवणार होतात. भाऊजी लेकीच्या पाठवणीला आले, तिच्या डोक्यावरून गेले. आणखी काय हवं होतं तुम्हाला?’

तेव्हा नाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गेलं ते गेलं. तुम्ही तेवढा राग सोडा.

तुमचा धाकटा दीर,
दोसबोल

ता. क. एकच विचारतो. टेबलाखालून मला तुम्ही दिसत होता. गायीची धार काढायलाही जो गुडघा वाकत नाही, तो वाकला. तुम्ही काहीतरी उचललंत आणि पर्समध्ये टाकलंत. एकदा बघाल का? काळपट पिवळं, तीन कोपेकचं, कडेला ठेचलेलं.

आणखी ता. क. तेच असलं तर पाठवू नका. कुल्याशने आता मला अल्बम आणून दिला आहे, त्यात दादाची जागा मी रिकामी सोडली आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘मुक्काम मेरके, वहिनींकडे.’ तुम्ही फक्त ते घासू नका. आणि नसलं, तरी फोन करून आहे म्हणून सांगा.