दार मी उघडलं नव्हतं

प्रिय सलीममियाँ,

आज शाळेतले नासिर मास्तर आपल्या शिलाईच्या दुकानात आले. तुम्ही गेल्याची बातमी रत्नागिरीहून इथे ओमानात, सोहारला पोचायला चार दिवस लागले. माझे हात धरून म्हणाले, "विजय, त्या दिवशी तू दार उघडलंस म्हणून मी आहे." मी नुसता त्यांच्यासाठी चहा मागवला. ते गेल्यावर कात्री बाजूला ठेवली आणि लिहायला बसलो.

दोन हजार अकरा सालचा तो मोर्चा! लांबून आरोळी आली, "सिल्मिया! सिल्मिया!" मला अरबी कुठे येत होतं? मला वाटलं, तुमच्याच नावाने ओरडतायत. कोणाची दिशदाशा, तो अरबांचा पायघोळ झगा, आखूड शिवलीत, म्हणून एवढा जमाव? मी तुम्हाला कापडाच्या ताग्यांमागे ढकललं. तुम्ही हसून हसून खाली बसलात.

"अरे खुळ्या, माझा नाव नाय घेत ते! शांततेत चाललोत, असा सांगतायत."

मग मोर्चातल्या लोकांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन तुम्ही बाहेर. मला नाही आवडलं ते. परक्या देशात नसती उठाठेव कशाला?

दुपारी पोलिसांवर दगड सुरू झाले. दगड मारणाऱ्यांत आपली गिऱ्हाइकंही होती. मागणं सगळ्यांचं एकच, नोकरी. मोर्चातलेच नासिर मास्तर हात वर करून मध्ये उभे राहिले, "सिल्मिया" ओरडत. त्यांच्याच माणसाचा दगड त्यांच्या कपाळावर बसला. खरं सांगू? मला तेव्हा ते वेडे वाटले.

मास्तरांनी आपलं शटर बडवलं, तेव्हा मी तुमचं मनगट घट्ट धरलं होतं. "उघडू नका, आपल्याला पण मारतील!"  तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत आणि शटर उचललंत.

मास्तरांचे डोळे रक्ताने भरलेले. दार कोणी उघडलं, त्यांनी विचारलं, तर तुम्ही माझं नाव सांगितलंत! का? माझी लाज झाकायला? अहो, तुमच्या त्या मोठेपणाने मला सहा वर्षं आतून खाल्लंय. निदान एकदा शिवी तरी द्यायची होतीत!

उद्या जुम्मा. नमाजानंतर मास्तर मशिदीबाहेर भेटतील. दार कोणी उघडलं आणि कोण उघडू देत नव्हता, दोन्ही सांगणार आहे. ते पाठ फिरवतील, कदाचित सगळ्यांसमोर बोलतीलही. बोलू देत. या वेळी मी शटरमागे लपणार नाही.

तुमचा,
विजय