एका छपराखाली

मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १८०६

तांबू पोटुशी आहे! अंगणात उताणी लोळत होती तेव्हा दिसले. आचळे गुलाबी, टपोरी. इतके दिवस माझ्या लक्षात कसे आले नाही! हिचे हे पहिलेच.

मालनचाही सहावा महिना संपत आला. पोरीने हिला गटारातून उचलून आणली तेव्हा मुठीएवढे कुत्र्याचे पिलू होते. कापसाच्या वातीने दूध पाजून जगवली. सासरी जाताना मालन माझ्या गळ्यात पडून रडली नाही, हिच्या गळ्यात पडून रडली.

शुद्ध १०

ताकभात घातला. हुंगून सोडला. वर करंदी मासळीचे पाणी ओतले — पातेले चाटून लख्ख!

डोहाळे. मालनला कसले होत असतील? तिला कोणी विचारीत असेल का?

शुद्ध १३

कल्याणहून विहीणबाई आल्या होत्या. सातवा लागला की मालनला न्यायला या म्हणाल्या. पहिले बाळंतपण माहेरीच. तेवढ्यात तांबू येऊन पायरीवर बसली. विहीणबाईंनी पदर आवरला, तिच्या पोटाकडे पाहिले.

"ही पण का?"

"हो."

"मग हिला घालवा आधी. एका छपराखाली दोन पोटुशा नकोत. एकीचं भरतं, एकीचं रितं होतं."

"अहो, कुत्री ती!"

"कुत्रीचं झालं तरी पोटच ना ते?"

विडा न घेताच गेल्या.

शुद्ध १४

इकडे सांगितले. इकडून म्हणणे झाले, "त्यात काय एवढं? कचेरीतला महिपत होडीनं पलीकडं दिवा गावाला जातोच. नेऊन सोडील. खाडी ओलांडली की कुत्रं परत येत नाही."

मी बरे म्हटले.

पहिलटकरीण ती. परक्या गावची कुत्री तिला उभी तरी राहू देतील?

वद्य २

महिपत दोरी घेऊन दारात उभा. माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, तिला कालच दिली पाठवून." तो गेला.

तांबू मागच्या गोठ्यात आहे. गाय विकल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही. आणि गोठ्याचे छप्पर वेगळे, घराचे वेगळे. एका छपराखाली कुठे?

वद्य ५

आता एकदम पुष्कळ खाववत नाही तिला. पोट दाटत असेल. थोडे थोडे करून घालते. नाचणीची पेज, त्यात मांदेलीची डोकी — काटे काढून, कुस्करून.

मालनच्या लाडवांसाठी डिंक आणला आहे. चिमूटभर तांबूच्या भाकरीत घातला. दातांना चिकटला! जीभ फिरवीत, तोंड वेडेवाकडे करीत बसली. किती दिवसांनी मोठ्याने हसले मी.

वद्य ८

दगडाबाईला सांगणे भाग होते. मासळी घालायला तीच येते, डोकीही तीच ठेवते बाजूला. गोठ्यात शिरली, वाकून पोट चाचपले.

"बाय गो, चार तरी हायेत! नातवाला खेलाया झाली."

"कुठे बोलू नकोस हं."

"माजी मासली बोंबलत नाय, मी कशाला बोंबलू?"

वद्य ११

पेज ढवळीत होते. वळून पाहते तो गोठ्याच्या दारात स्वारी उभी!

"मी काही पाहिलं नाही," एवढेच म्हणणे झाले.

रात्री ताट उचलायला गेले. माशाचा मोठा तुकडा तसाच ठेवला होता, न उष्टावता.

पौष शुद्ध २

आगगाडीने कल्याणला जाऊन आले. मालनचे डोहाळजेवण. हिरवे लुगडे तिला खुलून दिसत होते, पण गळ्याची हाडे वर आली आहेत. मुलीला मूल होईतो तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही, म्हणून मी आपली पाटावर बसून राहिले. बायका फुलांची वाडी बांधीत होत्या. मालनशी बोलायला सापडेना.

ओटी भरताना वाकून कानात सांगितले, "तांबू गोठ्यात आहे. छान आहे. तू येईपर्यंत पिले होतील बघ."

वाटले, हसेल. तिने माझे मनगट धरले, ते किती घट्ट! सोडीचना. माहेरची ओढ, दुसरे काय.

सप्तमीला न्यायचे ठरले.

शुद्ध ७

स्वारी एकटीच परत आली.

विहीणबाई दारातच म्हणाल्या म्हणे, "कुत्री गोठ्यात आहे ना तुमच्या? छप्पर वेगळं म्हणून आवार वेगळं होत नाही. माझा एवढा शब्द पाळवत नाही, त्यांच्याकडे सून कशाच्या भरवशावर धाडू?"

मालन बाहेर आलीच नाही.

पगडी खुंटीवर ठेवून माजघरात निजणे झाले, भर दुपारी.

कोणी सांगितले? घरात आम्ही दोघे. तिसरी दगडाबाई. ती बाजाराला कल्याणला जाते!

शुद्ध ८

"उद्यापासून येऊ नकोस."

"काय झाला, बाय?"

"कल्याणला काय विकतेस, ते तूच सांग."

ती उठली. रोज टोपली डोक्यावर घ्यायला माझा हात लागतो. आज तिने एकटीने चढवली.

"मासली इकतंय, बाय. दुसरा काय नाय इकत."

बोलली एवढे आणि गेली. कशी शिताफीने बोलते!

शुद्ध ९

महिपतला बोलावले. आता खरोखरच नेऊ दे. मालनपुढे कोण कुठली कुत्री!

तांबूने सकाळपासून अन्नाला तोंड लावले नव्हते. कोपऱ्यात माती उकरीत होती. धापा टाकीत होती. मी दोरी बांधायला वाकले आणि पहिले पिलू आले. महिपत "राम राम" म्हणून मागे सरला.

चार. चारही जिवंत. तिने एकेकाला चाटून कोरडे केले. कोणी शिकवले हिला?

शुद्ध ११

कल्याणला निरोप धाडला — ती मोकळी झाली, आता दोन पोटुशा नाहीत, मालनला पाठवा.

उत्तर आले, आवारात सोयर आहे, ते फिटू द्या.

कुत्रीचे सोयर!

वद्य ६

पिलांचे डोळे उघडले. सोयर फिटले म्हणावे, तर मालनला आठवा लागला. आठव्यात गरोदर बाईला गावाबाहेर नेत नाहीत. आता हे मीच म्हणते. विहीणबाईंना काही म्हणावेसे वाटत नाही.

नवव्यात आणू. डिंकाचे लाडू करून ठेवले आहेत.

वद्य १०

काही नाही. पिले रांगतात.

माघ शुद्ध ४

कल्याणहून माणूस आला. पायरी चढेना. तेव्हाच कळले.

मालन बाळंत झाली. आठव्यातच. मुलगा. मेलेला.

मालन आहे.

शुद्ध ५

जाऊन आलो. अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला हात लावला. डोळे उघडले नाहीत, पण जागी होती.

विहीणबाई आता बोलतील, आता बोलतील, असे वाटत होते. काय हवे ते बोलल्या असत्या तर चालले असते. माझ्या खांद्यावर डोके टेकून रडल्या.

येताना गाडीत आम्ही दोघे समोरासमोर. खाडी आली, गेली.

शुद्ध ६

तांबूला पेज घालायला गेले. चौघे लुचत होते, एकमेकांना तुडवीत. दारातूनच परतले.

इकडून पेज घालणे झाले.

शुद्ध १२

दोन छपरे म्हणाले होते मी. स्वतःलाच सांगितले, आणि पटलेही.

वद्य ३

लाडवांना बुरशी.

फाल्गुन शुद्ध ३

मालन आली. स्वारी जाऊन घेऊन आली. तुळशीपाशी पाय धुतले. मी तिला जवळ घ्यायला गेले, तो ती तशीच मागे गोठ्याकडे वळली. आत गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली. तांबू धावत आली, पायांत घोटाळली, लुगडे ओढू लागली. मालनने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तसाच ठेवून राहिली.

मी स्वयंपाकघरात निघून आले.

शुद्ध ४

जेवताना मालनने विचारले, "दगडाबाई येत नाही का गं आता?"

मी सांगितले — काय झाले, तिला का बंद केले.



"तिनं नाही सांगितलं, आई. मी सांगितलं सासूबाईंना. तू कानात बोललीस ना, त्याच दिवशी. मला फार भीती वाटली गं."