उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आत्याबाई, तुम्ही असता तर आज तुमच्याशी कडाकडा भांडले असते. तुमची नात पुण्याला जायचं म्हणते, आणि ते तुमच्यामुळं. शाळेतल्या मैत्रिणींना तिथं शिवणकामाच्या कारखान्यात काम मिळतंय, तिलाही बोलावलंय. मला कागदावर 'पुणे, काम, मी' एवढंच लिहून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी कागद बाजूला सारून भाजीला फोडणी घातली. तुमचा लेक दिवसभर पंक्चरच्या दुकानात, माझा धाकटा हिंगोलीला कॉलेजात, तो एसटीनं येतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. नाक्यावर आपलंच एक ख्रिस्ती घर, ते तुम्ही होता तेव्हा कधी जाणवलं नाही. आता ही शाळा संपवून घरी आली आहे, समोर बसून गहू निवडते आहे, आणि पोटच्या पोरीशी मला बोलता येत नाही. शेजारीण म्हणते, असू द्या, देवाची मर्जी. देवाची मर्जी मला तुम्ही पुष्कळ ऐकवलीत, आता तिची कशाला ऐकू?

ती दोनेक वर्षांची असतानाचं आठवतं का? दारातून वाशिमकडचे ट्रक जायचे. एका ट्रकनं असा करकचून ब्रेक मारला की समोरच्या धाब्यावरची माणसं ताटं सोडून धावली, आणि ही बया रस्त्याच्या कडेला माती चिवडत बसलेली, मान वर केली नाही. त्या दिवशी आपल्याला कळलं. तुम्ही तिला उचलून आत आणलंत, आणि पुढच्या बाजाराला घुंगरांचे मोठाले पैंजण घेऊन आलात. मी तडकलेच. "तिला ऐकूच येत न्हाई, पैंजण काहून?" तर तुम्ही म्हणालात, "येडे, तिच्यासाठी न्हाईत. आपल्यासाठी हायेत." पुढं धाकटा झाला. मांडीवर तो, चुलीवर तवा आणि कान त्या पैंजणांकडं, असे माझे दिवस गेले. आवाज थांबला की भाकरी तव्यावर जळत टाकून मी बाहेर पळायची. बहुतेक वेळा ती परसात कोंबडीसमोर बसलेली असायची, आणि मी ओरडायची ते कोंबडीलाच ऐकू जायचं.

हिंगोलीच्या त्या, प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेलाही तुम्हीच नेलंत. पाहुण्या प्रचारकानं तिच्या कानात बोटं घालून अशी आरोळी ठोकली की मी बहिरी व्हायची राहिले. पोरगी त्याच्या मिशांकडं बघून खुदकन हसली. मग तो मला म्हणाला, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतो." सगळ्या मंडळीसमोर! येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. तुम्ही पदरातले फुटाणे माझ्या हातावर ठेवलेत आणि म्हणालात, "मिशीला हसली, बराबर केलं पोरीनं." त्या दिवशी पहिल्यांदा मला तुम्ही आवडलात.

पण प्रार्थनेच्या बाबतीत तुम्ही भारी कडक. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या तुम्ही, तिथं डोळे उघडे दिसले की हातावर छडी बसायची. तीच शिस्त घरात. जेवणाआधी सगळ्यांनी ओळीनं बसायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. ही चारेक वर्षांची पोर डोळे टकाटका उघडे ठेवून एकेकाच्या तोंडाकडं बघायची. एका संध्याकाळी तुम्ही तिच्या डोळ्यांवर तळहात दाबून धरलात. "देवापुढं डोळे फाडून बसत्यात व्हय?" ती अशी किंचाळली की धाकटाही रडायला लागला. मग माझाही तोल सुटला. "तुमी डोळे मिटले तरी तुमाला ऐकू येतंय, आत्याबाई. तिनं मिटले तर तिच्यापाशी कोण राहतं? आमी हाव का गेलो, तिला कसं कळावं? लेकराला अंधारात एकलीला काहून बसवता?" सुनेनं प्रार्थनेत तोंड वर केलं म्हणून तुमचा लेक माझ्यावर डाफरला. तुम्ही जेवला नाहीत. कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत, मीठ हवं असलं तरी धाकट्याला सांगायचात, आणि त्याला धड चालताही येत नव्हतं.

मग एक दिवस तुम्ही तिला ओळीतून उठवून स्वतःच्या समोर बसवलंत. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवलात आणि देवाशी बोलायला लागलात. मी हळूच बघितलं. तुमचे डोळे उघडे होते. चारचौघांत डोक्यावरचा पदर पडावा तशा तुम्ही अवघडला होतात, पण तिच्यावरची नजर काढली नाहीत. भाकर म्हणताना टोपल्याकडं बोट, संकट म्हणताना रस्त्यावरच्या ट्रककडं बोट. गळ्यातली थरथर हाताला लागली की ती हसायची आणि तोंड हलवायची. तेवढ्यापुरतं घर भरल्यासारखं वाटायचं.

आणि मग तुम्हीच तिला नांदेडच्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत धाडायचा हट्ट धरलात. मी पाय आपटले, दोन वेळा उपाशी राहिले. तुम्ही म्हणालात, "तिला बोलाया तिच्यासारखं माणूस नको का? तुज्या माज्या हातवाऱ्यावर जलम काढावा का तिनं?" तुमचं खरं झालं, त्याचाच राग येतो. तुम्ही गेलात तेव्हा ती तिकडंच होती. फोनवर तिला सांगणार कसं? सुट्टीला आली तेव्हा तुम्हाला घरभर शोधत हिंडली, परसात, शेजारी, दुकानात. तिला कबरीवर नेऊन दाखवलं, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मीच तुम्हाला तिथं लपवलंय.

आता बोलताना तिचे हात झरझर चालतात. परवा मैत्रिणी आल्या होत्या. चौघी अशा हसत होत्या की भिंतीवरचं कॅलेंडर पडायचं राहिलं, आणि मी माझ्याच घरात चहाचा ट्रे धरून उभी, कशाला हसतात ते कळेना. एकीनं खाणाखुणा करून मला सांगायचा प्रयत्न केला, मी उगीच मान हलवली. लई एकलं वाटलं, आत्याबाई. तुम्ही असता तर निदान तुम्हालाही कळलं नसतं.

रोज संध्याकाळची प्रार्थना आता तीच करते, हातांनी. मला भाकर कळते, भाऊ कळतो, बाप कळतो. बाकीचं डोक्यावरून जातं. ती देवाला बरंच काही सांगत असते, तोंड उजळलेलं असतं. शेवटी हात थांबवते आणि माझ्याकडं बघते. हा कागद कुठं धाडायचा नाही म्हणून तुम्हाला सांगते. तिला ओठ दिसावेत असं मी तोंड मोठं करून आमेन म्हणते. पण त्याच्या आधी मनातल्या मनात घाईघाईनं म्हणून घेते, देवा, पोरगी जे मागते ते सगळं दे, पुणं सोडून.