घरची भाषा घरी

४ सप्टेंबर, सोमवार
हायस्कूलच्या पहिल्या वर्गाचं इंग्रजी आजपासून माझ्याकडे. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि जाताना वर्गाचं पार वाटोळं करून गेल्या. पोरं तासाला हसतात. धडा चालू असताना प्रश्न विचारतात. आणि हे सगळं घरच्या भाषेत!

सुपरवायझरची जागा ऑक्टोबरात भरायची आहे. त्याआधी हेडबाई माझा एक तास बघायला येणार. म्हणजे जागा माझीच. गणिताचे सरही इच्छुक आहेत म्हणे. त्यांच्या शर्टाला कायम खडू लागलेला असतो.

संकल्प : वर्गाला महिन्याभरात इंग्रजीत विचार करायला लावणे. आवाज न चढवणे. रोज चालायला जाणे.

कन्या याच वर्गात आहे. सवलत अजिबात नाही. वर्गात मला सर म्हणायचं, असं तिला बजावलं. हसली आणि म्हणाली, बरं बाबा. इथपासून सुरुवात आहे.

६ सप्टेंबर, बुधवार
नियम तयार. क्लासरूम रूल्स अँड एक्स्पेक्टेशन्स. स्वतः टाइप केले, लॅमिनेट केले. त्या गडबडीत चालायला जाणं राहिलं.

मुख्य नियम : वर्गात फक्त इंग्रजी, घरची भाषा घरी. दुसरा : परवानगी पूर्ण आणि बिनचूक वाक्यात मागायची, तशी मागितली तर शिक्षक ती नाकारणार नाहीत. ही माझी खास कल्पना. पोरांना न्याय दिसला पाहिजे. आणि सगळ्यांत शेवटी : हे नियम वर्गात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू, शिक्षकांनाही. हे लिहिताना स्वतःचाच अभिमान वाटला.

पालकांची सही हवी. हिच्या हातात कागद दिला. वाचून म्हणाली, सही करणार नाही, पण राहू दे, शेगडीमागे तेल उडतं तिथे लावायला बरा आहे. हिला विनोदबुद्धी आहे हे लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. मीच सही केली. पालक मीही आहेच.

८ सप्टेंबर, शुक्रवार
नियम कुणी पाळत नाही. सगळ्या दुखण्याचं मूळ एकच, मागच्या बाकावरची पोरगी. शिंप्याची. तोंडाला म्हणून खंड नाही. धड्यातला म्हातारा आपला कुत्रा विकतो, तर तिने विचारलं, कुत्र्याला आधी सांगितलं होतं का? अर्थात घरच्या भाषेत. वर्ग हसून लोळला. कन्याही. मी तिचं नाव रेडिओ ठेवलं. त्यावरही सगळे हसले, ती स्वतः सगळ्यांत जास्त. पोरांशी माझं छान जमायला लागलंय.

रेडिओ ही कन्येची जिवलग मैत्रीण आहे, असं जेवताना कळलं. कन्येने तिची नक्कल करून दाखवली, हिला हसून हसून ठसका लागला. मी हसलो नाही. धडा करुण आहे.

११ सप्टेंबर, सोमवार
रविवार कारणी लागला. आमच्या पुढच्या दाराखाली सरकवायचा एक जुना लाकडी ठोकळा होता. त्याला भोक पाडलं, सुतळी ओवली, पॉलिश केलं. वर लाल रंगाने लिहिलं : आय डिड नॉट स्पीक इंग्लिश.

योजना अशी. जो घरच्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ठोकळा. सुटका हवी असेल तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी पकडायचं आणि उभं राहून पूर्ण इंग्रजी वाक्यात तक्रार करायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याने तो घालूनच घरी जायचं, सकाळी घालूनच यायचं. मला काही करायलाच नको, पोरंच पोरांवर लक्ष ठेवणार.

गणिताच्या सरांना दाखवला. बराच वेळ हातात धरून बसले आणि म्हणाले, जड आहे हो. जळतात.

१४ सप्टेंबर, गुरुवार
वर्गात नुसतं चैतन्य! प्रत्येक जण दुसऱ्याचं बोलणं जिवाचा कान करून ऐकतो. लिसनिंग स्किल म्हणतात ते हेच. आज एक मुलगा बाकावरून पडला. शेजारचा पटकन म्हणाला, लागलं का रे? पडलेल्याने पडल्या पडल्या त्याची तक्रार केली. पूर्ण वाक्यात! मी टाळ्या वाजवल्या. दोघं आता वेगवेगळ्या बाकांवर बसतात. एकाग्रता वाढेल.

१९ सप्टेंबर, मंगळवार
ठोकळा गेल्या आठवड्यापासून रेडिओच्याच गळ्यात. इतरांना पकडते, पण तक्रारीचं वाक्य काही जुळत नाही. उभी राहते, शी, शी करते, हाताने काहीतरी दाखवते आणि बसते. वर्ग हसतो. मीही थोडा हसलो, वातावरण हलकं राहावं म्हणून.

संध्याकाळी पँट शिवायला टाकायला शिंप्याकडे गेलो. म्हणाला, सर, गिऱ्हाईक आलं की पोरगी कपड्यांच्या ढिगामागे जाऊन बसते, त्या लाकडावर लिहिलंय तरी काय? मी भाषांतर करून सांगितलं. त्याने मान हलवली आणि माझ्या कमरेचं माप घेतलं. समजूतदार माणूस.

२० सप्टेंबर, बुधवार
चालायला जाणार होतो. पँट शिंप्याकडे.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
भर तासाला विचित्र प्रकार. कन्या उठली, रेडिओकडे वळली आणि घरच्या भाषेत खणखणीत आवाजात म्हणाली, आता पकड मला, मी सांगते तसं म्हण. मग तक्रारीचं वाक्य एकेक शब्द करून तिच्याकडून वदवून घेतलं. ठोकळा कन्येच्या गळ्यात. नियमात बसतं, पण हेतू शुद्ध नव्हता. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

घरी ठोकळा घालूनच जेवायला बसली. वाकली की वाटीत बुडायचा. ही म्हणाली, आधी काढ तो. कन्या म्हणाली, सरांना विचार. ही माझ्याकडे वळली. मी सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. तशी ही आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ कन्याही. कितीतरी दिवसांनी शांतपणे जेवलो.

२६ सप्टेंबर, मंगळवार
रोज तोच तमाशा. सकाळी कुणीतरी रेडिओला पकडतं, दुपारपर्यंत कन्या ठोकळा स्वतःवर ओढवून घेते. लाडाने डोक्यावर बसवल्याचा परिणाम, दुसरं काय. नवीन उपनियम केला : जो मुद्दाम स्वतःला पकडवून घेईल त्याची तक्रार धरली जाणार नाही. ठोकळा होता तिथेच राहील.

तरी कन्या उठून घरच्या भाषेत ओरडत राहिली. मी फळ्यावर लिहीत राहिलो. शेवटी रेडिओनेच बाही ओढून तिला खाली बसवलं. एकीला तरी शहाणपण आलं म्हणायचं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
रेडिओ बंद! अख्ख्या आठवड्यात एक शब्द नाही. कुठल्याच भाषेत नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. हेडबाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं, आधीच्या बाईंना तीन महिन्यांत जमलं नाही ते मी करून दाखवलं. त्यांनी विचारलं, बोलत नाही म्हणजे? म्हटलं, अजिबात नाही. त्या माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. छाप पडली.

घरीही आनंद. कन्या माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. येस सर. नो सर. थँक यू सर. इतक्या लवकर फळ येईल असं वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, बुधवार
रेडिओ शुक्रवारनंतर शाळेत आलेली नाही. आज शिंप्याने शिपायाच्या हाती ठोकळा परत पाठवला. सुतळी काढून त्याजागी मऊ कापडाची पट्टी शिवून लावली होती. सुतळी पोरीच्या मानेला काचत होती म्हणे. सोबत माझी पँट. कापड जसंच्या तसं, न शिवलेलं. या लोकांना कामाची कदर नाही.

तासाभरात ठोकळा कन्येच्या गळ्यात. तिला विचारलं, तुझी मैत्रीण कशी आहे? म्हणाली, फाइन, सर. मग घरात सर कशाला म्हणतेस, असंही विचारलं. उत्तर आलं, सॉरी, सर.

८ ऑक्टोबर, रविवार
दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. मी गेलो तर थांबल्या. बाहेर आलो. थोड्या वेळाने पाण्याच्या निमित्ताने पुन्हा गेलो. पुन्हा थांबल्या. मग दाराआड उभा राहून ऐकलं. कन्या रेडिओची नक्कल करत होती. ती कुत्र्याची. ही हसली, आणि मग कन्या एकदम रडायलाच लागली.

मला जरा वाईट वाटलं. ॲसिडिटी असावी.

नंतर कन्येला समजावून सांगितलं, की माझ्या नियमातच आहे, घरची भाषा घरी. घरी बोलायला काहीच हरकत नाही. ती म्हणाली, आय डू, सर. आणि आईकडे गेली.

१० ऑक्टोबर, मंगळवार
हेडबाई परवा येणार. वर्गाची तयारी उत्तम. टाचणी पडली तरी ऐकू येईल. सुपरवायझरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल लावायचं की भिंतीजवळ, एवढाच प्रश्न आहे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
लिहायची इच्छा नाही. पण नोंद असावी.

हेडबाई मागे जाऊन बसल्या, रेडिओच्या रिकाम्या बाकावर. मी सोपा प्रश्न विचारला, म्हाताऱ्याने काय विकलं? एक हात वर नाही. आणखी सोपा केला. मी चुचकारलं, एक विनोद केला, विनोद समजावून सांगितला. पोरं समोर बघत बसली. उत्तर येणारीसुद्धा. चुकून काही निसटलं तर, ही भीती. वर्ग म्हणजे नुसती भिंत.

शेवटी हेडबाई पुढे आल्या, पहिल्या बाकावरच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच घरच्या भाषेत विचारलं, बाळा, घाबरलायस का? त्यांचं वाक्य संपायच्या आत सगळ्या वर्गाची बोटं त्यांच्याकडे. पोरांची सवयच झाली आहे, त्याला ती तरी काय करणार. कन्या उभी राहिली. ठोकळा तिच्याकडे होता. म्हणाली, सर, मॅडम डिड नॉट स्पीक इंग्लिश इन द क्लासरूम. ठोकळा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

मी ओरडलो, अगं ए, वेड लागलंय का, खाली बस! मॅडम, माफ करा हो, माझीच मुलगी आहे. हे सगळं घरच्या भाषेत.

बोटं माझ्याकडे वळली. हसलं कुणी नाही. हसायला हवं होतं निदान.

हेडबाईंनी ठोकळा हातात घेतला. वरचं वाचलं. कापडी पट्टीवरून बोट फिरवलं. मग भिंतीवरचे नियम वाचले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. आणि ठोकळा माझ्या गळ्यात घातला. पट्टी मानेवर नीट बसवलीसुद्धा. जड आहे खरा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
सुपरवायझर : गणिताचे सर. नियम भिंतीवरून काढले. हा वर्गही माझ्याकडून काढला. आधीच्या बाई येईपर्यंत गणिताचे सर सांभाळतील, ज्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. शिंप्याकडे हेडबाई स्वतः जाऊन आल्या. पोरगी ढिगामागून बाहेर आली, पण बोलली नाही म्हणे.

मला ठोकळा घरी न्यायला सांगितलं. पुन्हा पुढच्या दाराखाली सरकवला. दार हवेशीर उघडं राहतं. निदान एक काम झालं.

१४ ऑक्टोबर, शनिवार
सुट्टी. घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. विश्रांती मिळाली. भिंतीजवळचं टेबलच बरं दिसलं असतं.

१५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी कन्या माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. अंगावर बाहेर जायचे कपडे. हात मागे, पाय जुळवलेले, मी शिकवलं तसं. म्हणाली, सर, मे आय प्लीज लिव्ह विथ माय अंकल अँड स्टडी इन अ स्कूल देअर?

मामाकडे. कायमची.

चूक शोधली. पुन्हा मनात म्हणून पाहिलं, पुन्हा शोधली. एकही नाही. पूर्ण वाक्य. ती वाट बघत उभी होती. मी म्हणालो, येस, यू मे.

थँक यू, सर.

वाटलं होतं, दारात तरी वळून बाबा म्हणेल.

ही तिला सोडायला गेली आहे. सोडायला जाताना इतकी मोठी बॅग कशाला, हे विचारायचं राहिलं. जिन्यावरून ओरडून म्हणाली, दार लावून घ्या. या आठवड्यात घरात घरच्या भाषेत माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य.

उत्तर द्यायला उठलो. त्या जिना उतरत होत्या, अजून ऐकू गेलं असतं. वाक्य जुळेना. अगं, अगं, एवढंच तोंडातून आलं, तेही खालच्या आवाजात. हाताने काहीतरी दाखवलं. मग बसलो.

दार अजून उघडंच आहे. खाली ठोकळा आहे.