हरणांचं कुंपण

१९ सप्टेंबर २०२५

प्रिय डॅड,

तुमचा गुडघा आता बरा असेल. माझं ठीक चाललंय. कॉलेजचे सुरक्षा प्रमुख म्हणून आधी हे वाचा.

१. गेल्या ऑक्टोबरात नॉर्थ हॉल या वसतिगृहामागच्या पार्किंगमध्ये एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला.
२. दुसऱ्या दिवशी तिने तक्रार दिली. ती तुम्ही स्वतः लिहून घेतलीत.
३. जागा कुंपणापलीकडची, म्हणजे खाजगी, म्हणजे कॉलेजची नाही, असं तुम्ही ठरवलंत.
४. कायद्याप्रमाणे कॉलेजला दरवर्षी गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. यंदाच्या मसुद्यात गेल्या वर्षीच्या बलात्कारांच्या रकान्यात शून्य आहे.

कुंपण म्हणजे हद्द नव्हे. भूमापनाच्या पहिल्याच वर्षी हे शिकवतात. मागच्या आठवड्यात मी यंत्र घेऊन तिथे गेले. हद्दीची लोखंडी खूण पार्किंगच्या पलीकडच्या कडेला गवताखाली सापडली. पार्किंग कॉलेजचंच आहे. कुंपण माळ्यांनी हरणं अडवायला घातलंय. हरणांना हद्द कळत नाही, हे मान्य. तुमच्याकडून थोडी जास्त अपेक्षा होती.

परवा आपल्या धाकट्या टेसचा फोन आला होता.

"शून्य गं, मॅरिट! डॅडने मसुदा दाखवला. म्हणतो, आमच्याकडे फ्रिजमधला पिझ्झा सोडून काही चोरीला जात नाही. पुढच्या वर्षी मी नॉर्थ हॉलच मागणार."

"मागची खोली घेऊ नकोस."

"का? उंदीर आहेत?"

"हो," मी म्हटलं.

इथवर 'तुम्ही' लिहिलं, कारण ते सुरक्षा प्रमुखांना होतं. पुढचं तुला.

तक्रार लिहिता लिहिता तू पेन खाली ठेवलंस आणि हळूच विचारलंस, "बाळा, नीट आठव. कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे?" मला वाटलं, तू त्याला शोधायला निघतोयस. म्हणून मी डोळे मिटून सगळं परत आठवलं आणि अचूक उत्तर दिलं. पलीकडे.

तू आभार मानलेस.

मोजणीचा नकाशा सोबत जोडलाय. त्याचीच प्रत केंद्राच्या शिक्षण खात्यासाठी पाकिटात घालून ठेवली आहे. अहवाल एक ऑक्टोबरला निघेल. त्याआधी शून्याचा एक कर, आणि तो एक कोण, हे टेसला तू स्वतः सांग.

शुक्रवार, २६ सप्टेंबरपर्यंत उत्तर पाठव.

त्या रकान्यातली,
मॅरिट