नकाशावरचं फैजपूर

धुळे,
मंगळवार, ६ ऑगस्ट १९९१

प्रिय गिरधर,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. आज मी रागात आहे आणि उगाच गोड लिहायला गेले तर सगळंच खोटं उतरेल. हे पत्र सुनंदाला वाचायला दिलंस तरी चालेल. आईला मात्र वाचून दाखवू नकोस, तिला मी समक्ष सांगेन.

कौतिक नावाच्या माणसाबद्दल मी तुला जूनमध्ये लिहिलं होतं, जुलैत पुन्हा लिहिलं. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे पत्र मिळालं नाही, नीट समजलं नाही, असं म्हणायला जागा उरणार नाही.

कौतिक साक्रीच्या पलीकडच्या एका डोंगराकाठच्या गावचा. वय बत्तीस. पावसावरची चार एकर कोरडवाहू, उन्हाळ्यात रानात काही नाही, म्हणून होळी झाल्यावर तो फैजपूरला केळी कापायला आला. त्याच्या टोळीत आठ जण होते, सगळे वेगवेगळ्या गावांचे, मुकादमाने गोळा केलेले. मळ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि एकाच टाकीचं पाणी प्यायचे. मेच्या सुरुवातीला त्याला ताप भरला. तिथल्या डॉक्टरांनी टायफॉइडच्या कॅप्सूल दिल्या, दोन दिवसांच्या. ताप जरा उतरल्यासारखा वाटला म्हणून तो एसटीत बसून घरी आला. घरी ताप पुन्हा चढला. गावातल्या कंपाउंडरने परत त्याच कॅप्सूल दिल्या. असे वीस दिवस गेले. मग बैलगाडी आणि पुढे एसटी करून त्याला आमच्याकडे धुळ्याला आणलं, तेव्हा त्याची जीभ कोरडी ठणठणीत होती आणि तो कुणालाच ओळखत नव्हता.

त्याचं रक्त माझ्याकडे तपासायला आलं. बाटलीत दुसऱ्याच दिवशी जंतू वाढला, टायफॉइडचाच. तो थाळीत पसरून मी त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो, तिथे जंतू उगवत नाही. कौतिकच्या कॅप्सूलमधलं औषध क्लोरॅम्फेनिकॉल, त्याच्या चकतीभोवतीचा तो गोल मी एकवीस वर्षं बघत आले आहे. त्या सकाळी झाकण उघडलं तर गोल नव्हताच. जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत चढला होता. शेजारच्या अँपिसिलिनची तीच गत आणि सल्फाचीही तीच. तीन औषधं, तिन्ही वाया. फक्त सिप्रो या नव्या औषधाच्या चकतीभोवती मोठा गोल होता.

मी थाळी उचलून आमच्या साहेबांकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरूनही बघितली नाही. म्हणाले, बाई, तुमच्या चकत्या जुन्या झाल्यात, फ्रीज बंद पडतो ना आपला. असा रिपोर्ट वर पाठवला तर हसतील लोक. मी म्हटलं, चकत्या मागच्याच आठवड्यात आल्या आहेत. तर म्हणाले, मग नमुना खराब असेल, परत मागवा. आणि मी काय केलं असेल? कागदावर 'नमुना पुन्हा पाठवावा' असं लिहिलं आणि खाली सही केली. वॉर्डातल्या डॉक्टरांना जिना उतरून सांगायला मला किती वेळ लागला असता? मी गेले नाही. ते बिचारे त्याला क्लोरॅम्फेनिकॉलच टोचत राहिले. दुसऱ्या नमुन्याचं उत्तर यायला चार दिवस गेले आणि ते अगदी तेच आलं. त्याच दुपारी कौतिकच्या आतड्याला भोक पडलं. एक जूनला तो गेला. सिप्रो आमच्या दवाखान्यासमोरच्या दुकानात होती, गिरधर, रस्ता ओलांडला की.

पंधरा दिवसांनी त्याची बायको शेवंताबाई रिपोर्टचा कागद न्यायला आली. सातवा महिना होता तिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने कौतिकचे सगळे कागद घडी करून ठेवले होते. मी एकेक उघडून बघत होते आणि एका चिठ्ठीवर तुझं अक्षर दिसलं. तुझ्या दवाखान्याचं नाव, खाली तुझी सही. ओळखायला मला नाव वाचावं लागलं नाही, ते अक्षर मीच तुला पाटीवर गिरवून दिलं होतं. शेवंताबाईने मला विचारलं, "ताई, दवाई खोटी व्हती, का मना माणूसच कच्चा व्हता? त्यानी बठ्ठ्या गोया खाद्यात, एक बी नही फेकी." मी तिला सांगितलं, तुझा माणूस कच्चा नव्हता, सगळ्या गोळ्या खाल्ल्या तेही त्याने बरोबरच केलं. तुझं नाव मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

तू आठ वर्षांचा होतास, तिसरीत, तेव्हा तुलाही हाच ताप आला होता. नाना सायकल मारत जळगावला गेले आणि याच औषधाच्या कॅप्सूल घेऊन आले. पाचव्या दिवशी तू भाकरी मागितलीस आणि आई भाकरी थापता थापता रडायला लागली. त्या दिवसापासून घरात ठरलं होतं की तू डॉक्टर व्हायचं. मलाही शिकायचं होतं, पण मला लॅबचा एक वर्षाचा कोर्स मिळाला. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, आजही नाही. पण ज्या औषधावर तू वाचलास ते कुणाच्याही सर्दी-तापाला दोन-दोन दिवस वाटताना तुझा हात कसा थांबला नाही, हे मला कळत नाही.

आणि तुला ठाऊक होतं. आखाजीच्या सणाला, मे महिन्यात, मी माहेरी आले होते, तुझ्या दवाखान्यात दुपारी बसले होते. बाकावर केळीवाले मजूर ओळीने बसलेले, डोक्याला फडकी बांधून. तू मला म्हणालास, अक्का, या वर्षी कॅप्सूल पहिल्यासारखी चालत नाही, ताप उतरता उतरत नाही. कंपनी बदलून बघतोय. मी चहा पीत होते. मीही फक्त हं म्हटलं. सगळ्यांच्या आधी तुझ्या लक्षात आलं होतं, गिरधर, आणि तू फक्त डबी बदललीस.

शेवंताबाई गेल्यावर मी जानेवारीपासूनचं रजिस्टर उघडलं. तिन्ही औषधांना दाद न देणारे अकरा जण निघाले. बाकीच्यांच्या पाळीत तपासलेले, 'चकत्या जुन्या' म्हणून आमच्या लॅबने बाजूला टाकलेले. मग जळगावला लोटनला लिहिलं, कोर्सला माझ्यासोबत होता तो. त्याने त्याच्या लॅबमधले नऊ कळवले, त्यातले तीन जळगावातल्या मेहरूणच्या एकाच घरातले. मी शाळेत लावतात तसा जिल्ह्यांचा नकाशा आणला आणि प्रत्येक रोग्याच्या गावावर तारखेसकट लाल ठिपका दिला. मला वाटलं होतं, तेलाच्या डागासारखं एका जागेभोवती पसरलेलं दिसेल. तसं नाही. फैजपूर, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री. रस्त्याने उतरत गेलेत ठिपके, एसटीच्या थांब्यांसारखे, आणि तारखाही त्याच क्रमाने पुढे सरकतात. जंतू फैजपूरला जन्मला असं मी म्हणत नाही. तो तिथे कुठून आला मला माहीत नाही, कदाचित कुणालाच सांगता येणार नाही. पण आमच्या नकाशावर पहिला ठिपका तिथे आहे.

हे सगळं मी आरोग्य खात्याच्या साहेबांना लिहून पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं: अशा प्रकारची नोंद जिल्ह्यात नाही, विनाकारण घबराट पसरवू नये. नोंद कुठून असणार? नोंद करणाऱ्यांनीच नमुना खराब म्हणून कागद बाजूला टाकले. आता तीन महिन्यांनी मेडिकलवाले, कंपाउंडर, डॉक्टर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्या मध्ये माणसं गाडीत बसून, खिशात दोन दिवसांच्या कॅप्सूल घेऊन आपापल्या गावी जातात. तिथल्या विहिरीवर, तिथल्या लग्नात, तिथल्या चुलीपाशी. मला संताप येतो तो या सभ्यपणाचा. कुणी आवाज चढवत नाही, कुणी खोटंही बोलत नाही, नुसतं कुणी काही लिहून ठेवत नाही.

येत्या रविवारी जळगावला डॉक्टरांची बैठक आहे. हे सगळं वाचून दाखवायला लोटनच्या साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आमच्या साहेबांनी शनिवारची रजा नाकारली, मी अर्ज ठेवून निघणार आहे. काल तू लॅबमध्ये फोन केलास, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. मला वाटलं, कौतिकबद्दल विचारशील. तू म्हणालास, अक्का, फैजपूर सोडून बाकीचं वाच, मला तिथेच जन्म काढायचा आहे. माझ्याभोवती माणसं उभी होती म्हणून मी फोन ठेवला. त्याचं उत्तर हे. मी फैजपूर वाचणार. मात्र त्याच्या आधी, सगळ्यांत पहिलं, 'नमुना पुन्हा पाठवावा' हा माझ्या सहीचा कागद वाचणार. तुझं नाव मी घेणार नाही. ते तू उठून स्वतः घेतलंस तर मला बरं वाटेल, पण त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. कौतिकबरोबर त्या शेडमध्ये आणखी सात जण होते. त्यातल्या काहींना तूच औषध दिलंस, हे तू फोनवर बोलता बोलता कबूल केलंस. आज ते कुठे आहेत, तापात आहेत की बरे होऊनही जंतू पोटात घेऊन फिरताहेत, कुणालाच माहीत नाही. त्यांची नावं आणि गावं फक्त तुझ्या केसपेपरवर आहेत. ते कागद मला हवे आहेत, रविवारच्या आत, म्हणजे त्या त्या गावी कुणाला तरी पाठवता येईल. शनिवारी सकाळच्या गाडीने मी फैजपूरला येते आहे. एकटी नाही. शेवंताबाई माझ्याबरोबर आहे, बाळंतपणाला फार दिवस राहिलेले नाहीत तरी ती ऐकत नाही. तिला मी आता सांगितलं आहे की तो डॉक्टर माझा भाऊ आहे. ती म्हणाली, मी बी येस, म्हणजे तीही येणार. तिला बसायला खुर्ची दे, आणि कागद काढून ठेव.

तुझीच,
अक्का